विश्लेषण : सणाची सजावट घरच्या मातीची, पण कच्ची की भाजलेली?

पणत्या, तोरणे, मातीचा आकाशकंदील, किल्ल्यावरचे मावळे, बेंदराचे बैल... बाजारातून आणण्याऐवजी घरीच मातीत हात घालून हे सारे करून पाहणाऱ्या हौशी मंडळींची पहिली खेप बहुधा वाया जाते. काही वस्तू वाळताना तडकतात, काही ओव्हनमध्ये फुटतात आणि छान रंगवलेली पणती ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तेल पिऊन पाट खराब करते. यात दोष हाताचा क्वचितच असतो. माती कोणती, ती किती दिवस वाळली आणि मुळात ती वस्तू भाजायची होती की नाही, या तीन प्रश्नांकडे झालेले दुर्लक्ष त्यामागे असते. सातारा-सांगलीच्या सणांनी त्यातील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

या भागात मातीच्या वस्तू कोणत्या सणांना लागतात?

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात पोळ्याऐवजी बेंदूर साजरा होतो. सीमेलगतच्या जत, मिरज भागांत ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर असतो, तर इतरत्र आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. ज्यांच्या दावणीला बैल नाही, त्यांच्या घरी मातीच्या बैलांची पूजा होते. त्यानंतर श्रावणात नागपंचमी येते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी प्रसिद्ध झाली ती जिवंत नागांमुळे. पण तिथली आख्यायिकाही मातीच्या नागापासूनच सुरू होते. मातीचा नाग पुजणाऱ्या गृहिणीला गोरक्षनाथांनी ‘जिवंत नाग पुजशील का?’ असे विचारले, अशी ती कथा. वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे जिवंत नागांच्या पूजेवर निर्बंध आल्यानंतर प्रतिमापूजनाला पुन्हा महत्त्व आले.

भाद्रपदात हरतालिकेची वाळूची पिंड आणि शाडूचा गणपती. आश्विनात घटस्थापनेचा घट. दिवाळीत पणत्या, लक्ष्मीपूजनाची बोळकी आणि मुलांचा किल्ला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढणाऱ्या मुलाला किल्ला कसा असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी पौषात संक्रांतीची सुगडी. वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ या ना त्या रूपात माती देव्हाऱ्यात किंवा अंगणात असतेच.

यांतल्या कच्च्या कोणत्या, पक्क्या कोणत्या?

बैल, नाग, पिंड, गणपती आणि किल्ल्यावरची चित्रे पारंपरिकरीत्या कच्च्या मातीची. घट, पणती, बोळके आणि सुगड मात्र भाजलेले. ही विभागणी सहज झालेली नाही. पहिल्या गटातील वस्तूंचे काम एक-दोन दिवसांचे, फार तर दहा दिवसांचे असते आणि त्यानंतर त्यांनी मातीला मिळावे अशी अपेक्षा असते. दुसऱ्या गटातील वस्तूंना पाणी, तेल, धान्य किंवा ज्योत सांभाळायची असते. कच्च्या मातीला हे जमत नाही.

आणखी एक मेळ लक्षात घेण्याजोगा आहे. बेंदूर, नागपंचमी, गणपती हे सण पावसाळ्यातले. त्या दिवसांत वस्तू नीट वाळत नाही, इंधन ओले असते आणि उघड्यावर आवा लावणे अवघड जाते. पणत्या आणि सुगडी लागतात ती पाऊस सरल्यावर. याच कारणाने ही प्रथा पडली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण सणांचे वेळापत्रक आणि कुंभाराच्या भट्टीचे वेळापत्रक एकमेकांना जुळते, हे खरे.

कच्च्या मातीच्या मूर्तींची रीत किती जुनी आहे? पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुन्या, न भाजलेल्या मातीच्या स्त्रीमूर्ती आणि बैलाची आकृती सापडली. त्याच वस्तीतील लोक उत्तम भाजलेली, रंगवलेली मडकी वापरत होते. म्हणजे त्यांना भाजता येत नव्हते असे नाही. काय भाजायचे आणि काय नाही, यात तेव्हाही फरक केला जात होता.

भाजल्याने मातीत नेमके काय बदलते?

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवले, ही कथा प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते. तिच्यामागे कुंभाराची रोजची परीक्षा आहे. पक्के मडके टिचकी मारल्यावर खणखणते, कच्चे किंवा तडा गेलेले बद्द वाजते.

चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असला की ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून ओल्या मातीला हवा तो आकार देता येतो. वाळल्यावर हे पाणी जाते आणि कण जवळ येतात, वस्तू आकसते आणि कडक होते. पण ही कडकी तात्पुरती. ती वस्तू पाण्यात ठेवली की काही वेळात पुन्हा चिखल.

तापमान साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की मातीच्या रेणूंमध्ये बांधलेले पाणीही निघून जाते. हा बदल परतीचा नाही. त्याहून जास्त उष्णतेत कण एकमेकांना चिकटू लागतात. ७०० ते ९०० अंशांना भाजलेली वस्तू पाण्यात विरघळत नाही. पण तिच्यात बारीक छिद्रे शिल्लक राहतात. माठातले पाणी गार होते ते या छिद्रांमुळे. घटस्थापनेच्या घटातून पाणी हळूहळू पाझरते आणि भोवतीच्या मातीतले धान्य रुजते, तेही त्यांच्यामुळेच. म्हणून घटाला बाहेरून ऑइलपेंट फासला की घट सुंदर दिसतो, पण पाझर बंद होतो. लाल रंग मातीतील लोहाचा. भाजताना हवा कमी पडली तर तीच वस्तू काळी निघते.

सातारा-सांगलीची माती या कामाला चालते का?

चालते, पण जशीच्या तशी नाही. या दोन जिल्ह्यांत पाऊस, खडक आणि माती पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने बदलतात. महाबळेश्वर, पाचगणी, कास या पठारांवर जांभा आहे. त्याची तांबडी माती लोहयुक्त असते, पण तिला चिकटपणा कमी. शिवाय कासचे पठार हे जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. तिथली मूठभर मातीही आणू नये.

पूर्वेकडे आणि नदीखोऱ्यात काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली काळी माती आहे. हिच्यातील चिकणखनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना तितकीच आकसतात. एप्रिलमध्ये काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा पाहिल्या की पणतीला तडा का जातो हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. शेतात हात जाईल एवढी भेग पडते ती, आणि पणतीच्या काठावर केसासारखी चीर पडते ती, एकाच कारणाने.

काळ्या मातीत आणखी एक छुपा शत्रू असतो, तो म्हणजे चुनखडीचे बारीक खडे. भट्टीत या खड्यांचा कळीचा चुना होतो. वस्तू भट्टीतून ठणठणीत बाहेर येते, पण पुढच्या काही दिवसांत हा चुना हवेतील ओल शोषून फुगतो आणि वरची कपची उडवून देतो. ‘काही न करता पणतीचा टवका उडाला’ अशी तक्रार असेल तर त्या खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका शोधावा. सांगली जिल्ह्यातील क्षारपड जमिनीची माती घेतली तर भाजलेल्या वस्तूवर पांढरी बुरशीसारखी पूड येते. ते क्षार असतात.

कृष्णाकाठचा पोयटा मऊ असतो, पण त्यात वाळूचे प्रमाण जागोजागी वेगळे. महापुरानंतर घरादारांतून निघणाऱ्या गाळात सांडपाणी मिसळलेले असते. तो या कामासाठी हाताळूच नये. दुकानात मिळणारा शाडू प्रामुख्याने गुजरातेतून येतो. तो बारीक, फिकट आणि मूर्तिकामाला सोयीचा असतो. न भाजता ठेवायच्या वस्तूंसाठी तो उत्तम. पणतीसाठी मात्र कुंभाराने तयार केलेली माती विकत मागून घेणे केव्हाही शहाणपणाचे. तिच्यातील प्रमाण त्याच्या आव्याला जुळलेले असते.

माती घरच्या घरी कशी तपासावी?

चार सोपे प्रयोग पुरतात. पहिला बाटलीचा. पारदर्शक बाटलीत एक भाग माती आणि तीन भाग पाणी घालून जोरात हलवावे आणि बाटली एक दिवस स्थिर ठेवावी. वाळू लगेच तळाशी बसते, त्यावर गाळ, सर्वांत वर चिकणमाती. वरचा थर अगदीच पातळ असेल तर त्या मातीची वस्तू उभी राहणार नाही.

दुसरा वळकटीचा. मळलेल्या मातीची करंगळीएवढी वळकटी करून ती बोटाभोवती गुंडाळावी. सहज वळली तर ठीक. चिरा पडल्या तर चिकटपणा कमी आहे.

तिसरा लिंबाचा. वाळलेल्या ढेकळावर लिंबाचे किंवा व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फसफसले तर चुना आहे असे समजावे. अशी माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून किंवा कापडातून गाळून घेतल्याशिवाय भट्टीकडे नेऊ नये.

चौथा प्रयोग पट्टीचा आणि तोच सर्वांत उपयोगी. मातीची १४ सेंटिमीटर लांब पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा ओढाव्यात. वाळून, भाजून झाल्यावर ते अंतर ९ सेंटिमीटर भरले तर माती दहा टक्के आकसते. मग ९ सेंटिमीटरची पणती हवी असेल तर ओली पणती १० सेंटिमीटरची करायला हवी. आकाशकंदिलात दिव्याच्या होल्डरसाठी ठेवलेले भोक नंतर लहान पडते किंवा तोरणाच्या पानात दोरा जात नाही, त्याचे कारण हा हिशेब न करणे हेच असते.

माती फारच आकसत असेल तर तिच्यात न आकसणारे काही तरी मिसळावे लागते. कुंभार पूर्वापार राख, बारीक वाळू, घोड्याची किंवा गाढवाची लीद मिसळतात. लिदीतील बारीक काड्या ओल्या मातीला धरून ठेवतात आणि भट्टीत जळून जाताना वाफेला वाट देतात. शहरात लीद मिळणे कठीण. त्याऐवजी फुटक्या कुंडीची किंवा जुन्या पणत्यांची कुटून चाळलेली भुकटी दहा-वीस टक्के घातली तरी फरक दिसतो. गेल्या वर्षीच्या तुटक्या पणत्यांचा याहून चांगला उपयोग नाही.

वाळताना तडे का जातात? ते कसे टाळावेत?

तडा जातो तो मुख्यतः वस्तूचा एक भाग दुसऱ्याच्या आधी वाळल्याने. पणतीचा काठ पातळ, तळ जाड. काठ आधी वाळून आकसतो, तळ अजून ओला असल्याने हलत नाही, या ओढाताणीत काठ चिरतो. यावरचे उपाय दोन. जाडी शक्यतो सगळीकडे सारखी, पाच-सहा मिलिमीटरच्या आसपास ठेवावी आणि वाळण्याचा वेग कमी करावा. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा पंख्याखाली वस्तू ठेवण्याचा मोह टाळावा. पहिले दोन दिवस ती कापडाने झाकून सावलीत ठेवावी, रोज उलटावी. पाटावर थेट न ठेवता वर्तमानपत्राचा कागद घालावा, म्हणजे आकसताना तळ मोकळा सरकतो.

कंदिलाच्या खिडक्या, पानांवरच्या शिरा, बैलाचे डोळे हे कोरीव काम माती अर्धवट वाळल्यावर करावे. नखाने ओरखडा उमटतो, पण बोटाने दाबल्यास खड्डा पडत नाही, ही ती वेळ. बैलाची शिंगे, मावळ्याचे हात असे भाग जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून त्याच मातीचा दाट चिखल लावावा. नुसते पाणी लावून जोडलेले शिंग वाळल्यावर हातात येते, हा अनुभव बेंदराच्या आदल्या दिवशी अनेक घरांत येतो. ओला भाग आणि वाळलेला भाग एकमेकांना कधीच जोडू नयेत.

वस्तू पूर्ण वाळली की नाही, हे गालाला लावून कळते. आत ओल असेल तर ती गार लागते. वाळलेली वस्तू घासून गुळगुळीत करताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, विशेषतः मुलांच्या. कोरडा सँडपेपर वापरण्यापेक्षा ओल्या स्पंजने पुसून घ्यावे.

घरच्या ओव्हनमध्ये पणती भाजता येईल का?

नाही. घरगुती ओव्हन साधारण २५० अंशांपर्यंत तापतो. मातीचे दगडासारखे होणे ५०० अंशांच्या पुढे सुरू होते. ओव्हनमधून निघालेली पणती कडक वाटते, पण ती नुसती चांगली वाळलेली असते. पाण्यात टाकली की विरघळते. गॅसच्या ज्योतीवर थेट ठेवणे तर धोक्याचे. ज्योतीचे तापमान जास्त असले तरी एक बाजू लालबुंद आणि दुसरी गार अशा अवस्थेत वस्तू फुटते.

वस्तू फुटण्याचे खापर बहुतेक जण आतल्या हवेच्या बुडबुड्यावर फोडतात. खरा गुन्हेगार ओल असते. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. शंभर अंशांच्या आसपास तापमान घाईने वाढवले आणि आत ओल राहिली असेल तर वाफ वस्तू फोडूनच बाहेर पडते. म्हणून भाजायची मूर्ती किंवा प्राणी भरीव न करता आतून पोकळ करावा आणि तळाला भोक ठेवावे. बेंदराचा बैल भरीव चालतो, कारण तो भाजायचाच नसतो.

मग भाजायचे कुठे?

इथे घरच्या प्रयोगाला कुंभारवाड्याची पायरी चढावी लागते. पारंपरिक आव्यात वस्तू रचून भोवती गोवऱ्या, लाकूड, भुसा, पाचट असे इंधन लावतात आणि वरून गवत-मातीचे आच्छादन करतात. सुरुवातीचा मंद धूर हा वस्तूंतील उरलीसुरली ओल काढण्यासाठी असतो. मग जाळ वाढतो, आणि विझल्यावरही आवा लगेच उघडत नाहीत, कारण गरम वस्तूला गार वारा लागला की ती तडकते. ५७३ अंशांना मातीतील गारगोटीच्या कणांचे आकारमान एकदम बदलते. चढताना आणि उतरताना हा टप्पा सावकाश पार करावा लागतो. कुंभाराला हा आकडा माहीत असण्याची गरज नसते. घाई केलेला आवा किती मडकी खातो, हे त्याला पिढ्यान् पिढ्या माहीत असते.

हौशी मंडळींनी येथे दोन गोष्टी पाळायला हव्यात. एक, आपली ओलसर किंवा जाड वस्तू फुटली तर तिच्या कपच्यांनी शेजारच्या दहा पणत्या जातात. म्हणून वस्तू पूर्ण वाळवूनच न्यावी आणि माती कुठली ते आधी सांगावे. दोन, ‘तुमच्या आव्यात एवढ्या चार वस्तू ठेवा’ हे फुकटात मागायचे काम नाही. जागा, इंधन आणि जोखीम त्याची असते. भाजणावळ ठरवून द्यावी. साच्यातल्या, रंगवलेल्या स्वस्त पणत्यांशी स्पर्धा करणाऱ्या कारागिराला हंगामात भाजणावळीचे उत्पन्न मिळाले, तर आवा टिकण्याला तेवढाच हातभार लागेल. खादी व ग्रामोद्योग आयोगाने कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमातून विजेवरची चाके दिली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. चाकाने घडवण्याचे कष्ट कमी होतात. पण भाजण्यासाठी जागा, इंधन आणि गिऱ्हाईक लागते. आवा विझला तर घरच्या चाकावर कितीही सुबक पणती उतरली तरी ती कच्चीच राहील. विजेच्या भट्ट्या असलेल्या स्टुडिओंमध्येही भाजून मिळते; तिथे साधारण ९०० ते १,००० अंशांपर्यंत नियंत्रित भाजणी होते.

‘एअर ड्राय क्ले’ आणि रंगांचे काय?

‘न भाजता टिकणारी माती’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पाकिटांत माती कमी आणि चिकटवणारी द्रव्ये जास्त असतात. पॉलिमर क्ले तर मातीच नव्हे. ते प्लास्टिक आहे आणि ओव्हनमध्ये घट्ट होते ते म्हणूनच. भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूंसाठी ते वापरायला हरकत नाही. पण ज्योतीजवळ ते नको आणि ‘पर्यावरणपूरक’ असे लेबलही त्याला नको. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी घालताच घट्ट होते, पण पाण्यात टाकल्यावर मातीसारखे चटकन विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये जारी केलेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत मूर्तींसाठी नैसर्गिक माती वापरावी आणि विषारी रंग टाळावेत असे म्हटले आहे. त्या सूचना मूर्तींपुरत्या असल्या तरी किल्ल्यावरच्या मावळ्यांना वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

कच्च्या वस्तूंना गेरू, चुना, काजळी आणि थोडा डिंक पुरतो. असा मावळा अंगणात चार दिवस दिमाखाने उभा राहतो आणि नंतर बादलीत विरघळतो. भाजलेल्या पणतीला बाहेरून रंग द्यावा. आतून आणि वातीच्या टोकाशी देऊ नये. तिथे रंग करपतो, धूर होतो. चकचकीत झिलईचा सोस असेल तर तिच्यात शिसे नाही याची खात्री करावी आणि ते भांडे खाण्यापिण्याला वापरू नये.

पणती, कंदील, किल्ला : काय लक्षात ठेवावे?

भाजलेली पणतीही छिद्रांमुळे तेल पिते. ती आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवावी, बाहेरून पुसावी आणि मग तेल घालावे. छिद्रांत पाणी बसल्याने तेल कमी जिरते. तरीही खाली ताटली हवीच. तेलात भिजलेली पणती, कागदी रांगोळी आणि पडदा ही शेजारशेजारची ठेव दुर्घटनेला निमंत्रण असते. पणती कच्ची असेल तर तिच्यात तेल घालूच नये.

मातीचा आकाशकंदील फार जड होतो. तो गॅलरीत टांगण्यापेक्षा ओट्यावर किंवा कोपऱ्यात ठेवावा. आत एलईडी दिवा असल्यास उष्णतेचा प्रश्न राहत नाही. तोरणासाठी पाने, घंटा, मणी लहान करावेत. एक निसटला तरी कुणाच्या डोक्यात पडून इजा होऊ नये. किल्ल्याची चित्रे मुलांना करू द्यावीत. भाजायची नसल्याने तिथे फुटण्याची भीती नाही, आणि माती हाताळायची पहिली शाळा तीच.

वेळेचे गणितही सोपे आहे. घटस्थापनेला माती भिजवावी आणि दसऱ्यापर्यंत वस्तू घडवून व्हाव्यात. पुढचे आठ-दहा दिवस वाळण्याचे, उरलेले भाजण्याचे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी माती आणणाऱ्याने किल्लाच करावा.

सण संपल्यावर काय?

कच्ची, न रंगवलेली किंवा गेरूने रंगवलेली वस्तू बादलीत भिजवावी, चिखल बसू द्यावा, वरचे पाणी झाडांना घालावे आणि माती पिशवीत बांधून ठेवावी. पुढच्या बेंदराला तीच माती पुन्हा बैल होते. ती नदीत नेऊन टाकण्यानेही काही साधत नाही. कृष्णेला गाळाची कमतरता नाही.

भाजलेल्या वस्तूचे तसे नाही. तिची माती पुन्हा होत नाही. शेकडो, हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्या पुरातत्त्वज्ञ ओळखतात त्या खापरांवरून. कारण बाकी सगळे कुजले तरी खापर उरते. म्हणून ‘मातीचीच तर आहे’ म्हणून दरवर्षी नव्या पणत्या आणायच्या आणि जुन्या नदीकाठी टाकायच्या, हा पर्यावरणपूरकपणा नव्हे. सोड्याच्या गरम पाण्यात उकळून, घासून, उन्हात वाळवून त्या अनेक वर्षे वापरता येतात. ज्या फुटतील त्यांची भुकटी पुढच्या मातीत जाईल.

म्हणून घरी मातीची वस्तू करायला घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो ‘ही दिसेल कशी?’ हा नव्हे. ‘ही किती दिवस राहायला हवी?’ हा. उत्तर चार दिवस असेल तर तिला आग दाखवू नये. उत्तर चाळीस वर्षे असेल तर वाळवून, गालाला लावून पाहून, कुंभाराच्या आव्यात द्यावी.